कॉलरवर काय कोरलंय

त्या माणसाने टाकी डिकीतून उचललीसुद्धा नाही. वाकून बघितलं, वरच्या पोलादी कड्यावर हातमोज्यातलं बोट टेकवलं आणि म्हणाला, "ही नाही भरता येणार. दुसरी दाखवा."

मला वाटलं, रंग उडालाय म्हणून नको म्हणतोय. सेकंडहँड ट्रेलरबरोबर आलेली टाकी होती ती, पांढऱ्याची पिवळट झालेली, बुडाशी थोडा गंज धरलेली. "गळत वगैरे नाही हो," मी म्हटलं.

"गळतीचं नाही. तारीख गेलीय हिची."

प्रोपेनच्या टाकीला तारीख असते हे मला अशा रीतीने, ओहायोतल्या एका अवजारं भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या मागच्या अंगणात, मागे तीन गाड्या खोळंबलेल्या असताना कळलं. संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणते, "अगं, आपल्या सिलिंडरवर नाही का ए-बी-सी-डी आणि वर्ष लिहिलेलं असतं? मी तर सिलिंडर आला की आधी ते बघते, मग सही करते." म्हणजे आईला माहीत होतं, लेकीला नव्हतं. माझ्या लहानपणी तो सिलिंडर हजारदा डोळ्यांसमोर होता, पण त्याच्यावर वाचण्यासारखं काही असेल असं कधी मनातही आलं नाही.

गोष्ट २०२५च्या एप्रिलमधली. आम्ही एक छोटा कॅम्पिंग ट्रेलर घेतला होता. त्याच्या पुढच्या दांड्यावर २० पौंडी, म्हणजे प्रत्येकी २० पौंड गॅसच्या, दोन टाक्या बसवलेल्या. शेगडी, पाणी तापवायचा बंब, थंडीतला हीटर, सगळं त्यांच्यावर. ट्रेलर विकणाऱ्या आजोबांनी सांगितलं होतं, "टाक्या भरून घ्या, बाकी काही बघायला नको." आमच्या घरी असा अलिखित नियम आहे की ज्याने आधी प्रश्न विचारला, काम त्याच्या गळ्यात. "टाक्या कुठे भरून मिळतात रे?" असं मी विचारलं, आणि गॅस खातं माझ्याकडे आलं.

त्या दिवशी त्या माणसाने मला पाच मिनिटं दिली, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. टाकीच्या डोक्यावर व्हॉल्व्हभोवती जे अर्धगोल कडं असतं, ज्याला धरून आपण ती उचलतो, त्याला कॉलर म्हणतात. सगळी कुंडली तिथे ठोकलेली असते. माझ्या जुन्या टाकीवर '०६-०९' होतं, म्हणजे जून २००९ची बनावट. अमेरिकेत अशी टाकी बनल्यापासून १२ वर्षं भरता येते. त्यानंतर तपासून घेतल्याशिवाय कोणी भरू नये असा नियम आहे. म्हणजे माझी टाकी २०२१मध्येच बाद झाली होती. आजोबांना चार वर्षं ती भरून कोण देत होतं, कोण जाणे.

दुसरी टाकी बनावटीने '०३-१२' होती. हिशेबाने तीही २०२४मध्ये बाद. पण तिच्या कॉलरवर एक वेगळी खूण होती, '४-२४' आणि पुढे 'ई'. म्हणजे एप्रिल २०२४मध्ये अधिकृत तपासनिसाने ती बाहेरून नीट बघितली, गंज, पोचे, वेल्डिंग, तळाचं कडं, आणि पुढच्या ५ वर्षांसाठी पास केली. 'ई' हे बाहेरून तपासल्याचं चिन्ह. दाब देऊन चाचणी केली असेल तर खूण वेगळी येते आणि मुदतही जास्त मिळते. "ही चालेल," तो म्हणाला आणि उचलून घेऊन गेला.

त्याने ती भरली आणि मी पैसे दिले. पैशांचा भाग मला घरी येऊन पावती वाचल्यावर समजला. त्या दुकानात टाकीमागे एकच ठरलेला दर होता, टाकीत आधी कितीही असो. पावतीवर मात्र मीटरचा आकडाही छापून आला होता: ३.३ गॅलन. द्रवरूप प्रोपेन ६० अंश फॅरनहाइटला गॅलनमागे ४.२४ पौंड भरतं. म्हणजे त्याने १४ पौंड घातलं होतं. २० पौंडांची टाकी, तेव्हा ६ पौंड आत आधीच होतं. मी रिकामी समजून नेलेल्या टाकीत जवळजवळ तिसरा हिस्सा गॅस शिल्लक होता, आणि त्याचे पैसे मी दुसऱ्यांदा मोजून आले होते.

त्या दिवसापासून मी बाथरूममधला वजनकाटा गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. नवरा म्हणाला, "बरं झालं, माझी कटकट गेली."

टाकीत किती आहे हे कळायला काटा हाच खरा उपाय. कॉलरवर 'टीडब्ल्यू' असं लिहून पुढे आकडा असतो. ते रिकाम्या टाकीचं वजन, व्हॉल्व्हसकट. २० पौंडी टाकीचं ते साधारण १७ पौंड भरतं. काट्यावर जे दिसेल त्यातून हे वजा केलं की उरला तो गॅस. शेजारीच 'डब्ल्यूसी' असतं आणि बहुतेक ४७.६ किंवा त्याच्या आसपासचा आकडा. म्हणजे ही टाकी पाण्याने काठोकाठ भरली तर ४७.६ पौंड पाणी मावेल. याला ०.४२ने गुणा: १९.९९. झाले २० पौंड. हे गणित मी पहिल्यांदा केलं तेव्हा मला शाळेतल्यासारखा आनंद झाला होता. २० पौंड हा आकडा कुणाच्या मनात आला म्हणून ठरलेला नाही. पाण्याच्या वजनाच्या ४२ टक्के एवढंच प्रोपेन भरायचं असा नियम, आणि प्रोपेन पाण्याच्या निम्म्याएवढंच जड, म्हणून वजनाचे ४२ टक्के म्हणजे जागेचे साधारण ८० टक्के. वरचे २० टक्के मुद्दाम रिकामे ठेवायचे.

काट्याखेरीज लोक गरम पाण्याची युक्ती करतात. तांब्याभर गरम पाणी टाकीच्या कुशीवर ओतायचं आणि हात फिरवायचा. जिथून खाली पत्रा गार लागेल तिथपर्यंत द्रव आहे. ती चालते, पण भांडं शिजायला ठेवल्यावर मधेच शंका आली तरच. घरून निघताना काटा.

आता बाद झालेल्या टाकीचं काय करायचं? तपासून घेता येते, पण आमच्या टाकीचा बुडचा गंज बघून मला तिच्यावर खर्च करावासा वाटेना. इथे दुकानांबाहेर जाळीच्या पिंजऱ्यात भरलेल्या टाक्या ठेवलेल्या असतात. आपली द्या, त्यांची घ्या. बऱ्याच ठिकाणी तारीख गेलेली टाकीही, मोठा पोचा वगैरे नसेल तर, घेतात. पुढची तपासणी त्यांची ते करतात. बाद टाकी मार्गी लावायला हा सरळ मार्ग आहे. नेहमीसाठी मात्र नाही. एक तर बदलून मिळणाऱ्या टाकीत बहुधा १५ पौंडच असतं, लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं. आणि आपल्या जुन्या टाकीत जे उरलंय ते त्यांना दान. शिवाय टाकी आपली राहत नाही. हे मी आज म्हणते आहे. त्या दिवशी मात्र मला वेगळाच उत्साह चढला होता. जुनी टाकी कुणाला तरी देऊन टाकली आणि हार्डवेअरच्या दुकानातून कोरी करकरीत टाकी विकत आणली. पांढरी शुभ्र, कॉलरवर ताजी तारीख, पुढची १२ वर्षं विचारायला नको.

ती नवी टाकीच मला सगळ्यात महागात पडली.

शुक्रवारी दुपारी, तळ्याकाठी जायला निघताना, वाटेतल्या एका पेट्रोल पंपावर 'प्रोपेन भरून मिळेल' अशी पाटी दिसली. आत कॉलेजच्या वयाचा एक पोरगा. गोड होता. टाकी पंपाशेजारी ठेवली, नळी लावली, खटका दाबला, आणि मोबाईल काढला. थोड्या वेळाने पंप आपोआप थांबला तसं नळी काढून म्हणाला, "झालं." पावतीवर ४.३ गॅलन. म्हणजे १८ पौंडांहून थोडं जास्त. काठोकाठ २० नाही, पण मला वाटलं, थोडं कमी बरं.

तळ्याकाठी पोचलो, टाकी ट्रेलरला जोडली, शेगडी लावायला गेले तर ज्योत पेटेना. पेटली तर बर्नरपासून वर उडाल्यासारखी व्हायची आणि फुस्स. हीटर तर पेटायचं नावच घेईना. एप्रिलची रात्र, बाहेर ३८ अंश फॅरनहाइट.

नवऱ्याने त्याला माहीत असलेलं औषध काढलं. या टाक्यांना हल्ली जो हाताने फिरवायचा प्लॅस्टिकचा मोठा नट असतो, त्यात एक गतिरोधक बसवलेला असतो. नळी तुटली आणि गॅस भसकन बाहेर पडायला लागला तर तो मार्ग आवळून धरतो. पण आपण टाकीचा व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघडला तरी त्याला वाटतं नळी तुटली, आणि तो आवळतो. मग शेगडीला जेमतेम गॅस मिळतो, आणि माणसं रेग्युलेटरला शिव्या घालतात. उपाय साधा: सगळं बंद करा, शेगडीसुद्धा, मिनिटभर थांबा, मग टाकीचा व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडा, आणि शेगडी सगळ्यात शेवटी. हे आम्ही चार वेळा केलं. काही फरक नाही. शेवटी जुनी, ती '४-२४ ई' वाली टाकी जोडली तर शेगडी पहिल्या ठिणगीला पेटली. म्हणजे दोष नव्या टाकीतच. पण काट्यावर तर ती ३५ पौंड भरत होती (हो, काटा बरोबर नेला होता). टीडब्ल्यू १६.८. गॅस होता, चांगला १८ पौंड. गॅस आहे आणि जळत नाही, हे कोडं घेऊन मी झोपले.

सोमवारी मी पेट्रोल पंपावर न जाता, फक्त प्रोपेनचाच धंदा करणाऱ्या एका डेपोत गेले. घरापासून लांब आहे, म्हणून आधी टाळलं होतं. तिथे साठीच्या आसपासच्या एका बाई होत्या, जाड कातडी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. मी लक्षणं सांगितली, त्यांनी एकच विचारलं.

"टाकी नवी आहे का?"

"हो."

"पहिल्यांदा भरताना हवा काढली होती का?"

कसली हवा?

नव्या टाकीत काय असतं, असा विचार मी कधी केलाच नव्हता. रिकामी म्हणजे रिकामी. पण रिकामी म्हणजे हवेने भरलेली, आणि हवेबरोबर थोडा ओलावाही. ती हवा तशीच ठेवून प्रोपेन आत ढकललं तर ती जाणार कुठे? आपली सगळी गोळा होऊन वरच्या २० टक्के जागेत दाबून बसते. पाचपट जागेतली हवा एकपट जागेत आली की तिचा दाब पाचपट. शेगडीला गॅस जातो तो वरच्या त्याच जागेतून. म्हणजे त्या रात्री आमच्या बर्नरला येत होतं ते मोठा वाटा हवेचा असलेलं पातळ मिश्रण. ज्योत उडेल नाहीतर काय! टाकी पुरी भरली नाही, त्यालाही मला वाटतं हीच आतून रेटणारी हवा कारण असावी.

म्हणून नव्या टाकीतली हवा आधी घालवावी लागते. इथे त्याला 'पर्ज करणं' म्हणतात. बाईंनी मला ते आकड्यांत समजावलं आणि ते मी कधी विसरणार नाही. टाकीत प्रोपेनची वाफ सोडायची, द्रव नाही, साधारण १५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं माप) दाबापर्यंत. वातावरणाचा दाबही जवळपास तेवढाच. म्हणजे आता आत निम्मी हवा, निम्मं प्रोपेन. मग ते मिश्रण उघड्यावर, ठिणगीपासून दूर, सोडून द्यायचं. राहिली निम्मी हवा. पुन्हा तेच केलं की पाव. असं पाच वेळा केलं की हवा उरते बत्तिसावा हिस्सा, ३ टक्क्यांच्या आसपास. द्रव का नाही घालायचं? कारण तो उकळताना टाकी इतकी गारठवतो की आतल्या हवेतला ओलावा तिथल्या तिथे गोठतो. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतं, त्यात पाण्याच्या थेंबाचा काय टिकाव. काही टाक्या कारखान्यातूनच हवा काढून येतात, आणि तसं लेबलवर लिहिलेलं असतं. माझ्या टाकीवर तसं काही नव्हतं. उलट 'पहिल्यांदा भरण्याआधी पर्ज करा' असा पिवळा कागद व्हॉल्व्हला बांधलेला होता. तो मीच दुकानातून निघताना फाडून टाकला होता, कचरा समजून.

भरलेल्या टाकीची हवा आता काढायची तर वरची वाफ जाऊ द्यावी लागणार. बाईंनी टाकी आवारात सगळ्यांपासून लांब उभी केली आणि बराच वेळ थोडी थोडी वाफ सोडली. मी लांब उभी राहून बघत होते. मग टाकी आणून पोलादी काट्यावर ठेवली. आणि मग मी पहिल्यांदा टाकी नीट भरताना बघितली.

आधी त्यांनी टाकी हाताने गोल फिरवून बघितली, तळाचं कडं, वेल्डिंग, व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हच्या मुठीकडे बोट करून म्हणाल्या, "त्रिकोणी आहे, म्हणजे आत तरंगता गोळा आहे." हा जास्त भरणं रोखणारा व्हॉल्व्ह. आत एक तरंगणारा गोळा असतो, पातळी वर आली की तो वाट बंद करतो. न्हाणीघरातल्या टाकीत असतो तसाच. अमेरिकेत ४ ते ४० पौंडांच्या नव्या टाक्यांना हा १९९८पासून सक्तीचा आहे, आणि एप्रिल २००२नंतर तो नसलेली टाकी भरायलाच मनाई आहे. कुणाच्या गॅरेजमध्ये गोल किंवा चांदणीच्या आकाराची मूठ असलेली टाकी पडलेली असेल तर ती घेऊन रांगेत उभं राहू नये.

पण बाईंचा त्या गोळ्यावर भरवसा नव्हता. त्या पोराचा सगळा भरवसा त्याच्यावरच होता. पंप आपोआप थांबला म्हणजे टाकी भरली, एवढंच त्याचं गणित. बाई म्हणाल्या, "तो गोळा म्हणजे शेवटची कडी. ती कधी लागू नये असं भरायचं." त्यांनी व्हॉल्व्हच्या बाजूचा एक बारीकसा स्क्रू पेचकसाने अर्धा फेरा सैल केला. सुस्स आवाज सुरू झाला. त्या स्क्रूच्या मागे एक बारीक नळी टाकीत खाली गेलेली असते, बरोबर ८० टक्क्यांच्या पातळीपर्यंत. तिची लांबीही कॉलरवर 'डीटी' म्हणून कोरलेली असते. पातळी खाली असेपर्यंत नळीतून नुसती वाफ येते, दिसत नाही. द्रव नळीच्या टोकाला टेकला की एकदम पांढरे फवारे उडतात. "पांढरं दिसलं की बंद," म्हणेपर्यंत ते दिसलंही. नळी बंद, स्क्रू बंद, आणि नजर काट्यावर. १६.८ अधिक २०, म्हणजे ३६.८. त्याच्याखाली दोन दशांश. त्यांनी मान डोलावली. तीन वेगवेगळ्या पहारेकऱ्यांनी एकच उत्तर दिलं होतं: गोळा लागला नव्हता, पांढरं दिसलं होतं, वजन जुळलं होतं.

मी विचारलं, थोडं जास्त गेलं तर एवढं काय बिघडतं? बाईंनी आभाळाकडे बघितलं. ऊन तापायला लागलं होतं. द्रवरूप प्रोपेन तापलं की फार फुगतं, दर १० अंश फॅरनहाइटला साधारण दीड टक्का. सकाळी ६० अंशांत भरलेली टाकी दुपारी बंद गाडीत १२०वर गेली तर आतला द्रव नऊ-दहा टक्क्यांनी वाढला. वर मोकळी जागा आहे तोवर काही नाही, वाफ दबते. जागा संपली की द्रव दबत नाही, मग दाब चढतो तो थेट लोखंडावर. कॉलरवरचं '४बीए२४०' म्हणजे टाकी २४० पीएसआयच्या कामासाठी बनलेली. ३७५ला बाजूचा सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि गॅस बाहेर टाकतो. तो बरोबरच वागतो, पण आपल्या गाडीच्या आत. प्रोपेनची वाफ हवेच्या दीडपट जड. ती खिडकीतून उडून जात नाही, खाली पायांशी साचते.

त्यामुळे घरी नेण्याची पद्धतही मी बदलली. टाकी उभीच न्यायची. आडवी झाली तर सुरक्षा व्हॉल्व्ह वाफेऐवजी द्रवात बुडतो, आणि एक भाग द्रव बाहेर आला की त्याची २७० भाग वाफ होते. दूध ठेवायचे चौकोनी क्रेट मिळतात, त्यात २० पौंडी टाकी नेमकी बसते. व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच. खिडक्या उघड्या. आणि सगळ्यात मोडायला कठीण नियम: सरळ घरी. 'जाता जाता भाजी घेऊ' असं करून गाडी उन्हात उभी करायची नाही. बंद गाडीत टाकी विसरून मी एकदा अर्धा तास ग्रंथालयात बसले होते. काही झालं नाही. पण ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे.

घरी जोडल्यावर साबणाचं पाणी. मला आधी वाटायचं, वास येतो की, मग साबण कशाला? प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. तो कुजक्या कांद्यासारखा वास एथिल मरकॅप्टन मिसळून मुद्दाम आणलेला. आणि नव्या टाकीत आतला कोरा पत्रा गंजताना तो वास कमी होऊ शकतो, हे बाईंनीच सांगितलं. शिवाय सर्दी झालेल्या नाकाचं काय? भांडी धुवायचं लिक्विड पाण्यात कालवून ब्रशने सांध्यांवर लावायचं, व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा, बुडबुडे वाढताना दिसले की बंद करायचं. एक मिनिटाचं काम.

डेपोत रांगेत उभी असताना आणखी एक टाकी परत जाताना बघितली. तिच्या पितळी व्हॉल्व्हवर निळसर-हिरवी झाक होती. बाईंनी हातही लावला नाही, त्या माणसाला म्हणाल्या, "हिच्यात कधीतरी अमोनिया भरला होता." अमोनियाने पितळ तडकतं, आणि कधी उडेल याचा नेम नाही. चोरून अमली पदार्थ बनवणारे लोक अमोनिया ठेवायला अशा टाक्या वापरतात आणि मग त्या कुठेतरी टाकून देतात. सेकंडहँड टाकी घेताना रंगाऐवजी व्हॉल्व्हचं पितळ बघायचं, हे त्या दिवशीचं फुकटचं ज्ञान.

त्याच महिन्यात नवऱ्याने आणखी एक प्रयोग घरी आणला: १ पौंडाच्या हिरव्या फेकायच्या डब्या मोठ्या टाकीतून पुन्हा भरायचा पितळी जोड. व्हिडिओत सोपं दिसतं. मी त्याला डबीवरची अक्षरं वाचून दाखवली. त्यावर 'डीओटी-३९' असतं, म्हणजे एकदाच भरायची. पुन्हा भरून ती वाहनातून नेणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, आणि दंड तिथेच छापलेला: ५ लाख डॉलरपर्यंत आणि ५ वर्षांपर्यंत कैद. कायदा बाजूला ठेवला तरी तिच्यात ना तो गोळा, ना ८० टक्क्यांचा स्क्रू. किती भरलं हे सांगणारं कुणीच नाही. "मग पुन्हा भरता येणाऱ्या एक पौंडी मिळतात, त्या घेऊ," तो म्हणाला. त्या घेतल्या. जोड अजून ड्रॉवरमध्ये आहे, परत करायची मुदत गेली म्हणून.

आता माझ्या दोन्ही टाक्यांच्या कॉलरखाली मी ऑइलपेंटच्या पेनने मोठ्या मराठी आकड्यांत लिहून ठेवलंय: रिकामी किती, भरलेली किती, तारीख कधी संपते. एकीवर १७, ३७, एप्रिल २०२९. दुसरीवर १६.८, ३६.८, आणि संपायचं वर्ष २०३७. ऑक्टोबरमध्ये डेपोत गेले तेव्हा बाईंनी ते आकडे बघून विचारलं, "हे काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं. त्यांनी कॉलरवरचे आकडे चष्मा वर करून एकेक ताडून बघितले, मग काट्याचं वजन लावलं आणि म्हणाल्या, "हिच्यात अजून ९ पौंड आहे. आत्ता कशाला आणलीत?"